रानफुलांचे फोटो आहेत, पण नावे पटत नाहीत : अंबाजोगाईच्या सरांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. रविवारी मुकुंदराजांच्या समाधीकडच्या दरीत, कधी धारूरच्या किल्ल्याच्या बाजूला फिरता आणि गेल्या पावसाळ्यापासून मोबाइलवर चारेकशे रानफुलांचे फोटो काढले आहेत. ॲपला फोटो दाखवला की ते एकाच फुलाची तीन नावे सांगते. महिन्याने परत गेलात तर झाड जागेवर सापडत नाही. मुलांनी नाव विचारले की ठामपणे सांगता येत नाही. म्हणून तुम्ही विचारलेत : कॅमेरा कोणता घेऊ, आणि पुस्तक कोणते?

मी कन्नडला राहते. कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवता शिकवता गौताळ्याच्या डोंगरात 21 वर्षे फुलांचे फोटो काढते आहे. तुम्ही नमुन्याला जोडलेले पाच फोटो पाहिले. पाचही सुरेख आहेत, स्पष्ट आहेत. कॅमेऱ्याची अडचण त्यांत कुठेच दिसत नाही. अडचण अशी आहे की पाचही फोटोंत जवळजवळ फक्त फूल आहे, तेही वरून, एकाच बाजूने. पूर्ण पान नाही, खोड नाही, फुलाची दुसरी बाजू नाही, शेंग नाही. झाड ओळखायला ज्या खुणा लागतात त्यांतल्या बहुतेक फोटोबाहेर राहिल्या आहेत. ॲप तीन नावे सांगते, कारण तेवढ्या माहितीवर तिन्ही नावे शक्य असतात.

कुड्याचे उदाहरण घेते, कारण आपल्या डोंगरात दोन्ही कुडे आहेत आणि त्यांच्यात भलेभले फसतात. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हेना प्युबेसेन्स. दोघांची पाने समोरासमोर, दोघांना पांढरा चीक, दोघांची फुले पांढरी, आणि उन्हाळ्याच्या शेवटी दोघेही फुलतात. लांबून काढलेल्या फोटोत फरक करणे जवळजवळ अशक्य. फुलाच्या अगदी मधोमध बघा. काळ्या कुड्याच्या फुलात पांढऱ्या झालरीसारखे बारीक तंतू उभे असतात. पांढऱ्या कुड्यात ती झालर नसते, पाकळ्यांच्या मध्ये नळीचे तोंड तेवढे दिसते. फुले संपली असतील तर शेंगा बघा. दोघांच्याही जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याची जोडी हिरवी असेपर्यंत टोकाला जुळलेली असते आणि पांढऱ्याच्या दोन्ही शेंगा सुट्या राहतात. ज्याची साल जुलाबावर औषधी म्हणून सांगतात तो पांढरा कुडा, आणि ज्याच्या पानांतून निळा रंग काढत तो काळा. नाव चुकले तर फोटोखालची ओळच फक्त चुकत नाही. म्हणून एक गोष्ट आधीच सांगते : फोटोवरून पटलेल्या ओळखीवर कुणालाही काही खायला किंवा औषध म्हणून देऊ नका. कळलावी किती देखणी असते, पण तिचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो.

फूल दिसले की आमचा हात आपोआप जवळ जातो. तो थोडा थांबवायला शिकायचे. पहिला फोटो चार-पाच पावले मागून : झाड केवढे आहे, उभे वाढते की जमिनीवर पसरते, खडकाच्या फटीत आहे, बांधावर आहे की पाण्याच्या कडेला. दुसरा खोडाचा, पाने कशी लागली आहेत ते दिसेल असा. मग पान पुढून आणि उलटे करून मागून. मग फूल समोरून, बाजूने, आणि शेवटी पाठीमागून. हा पाठीमागचा फोटो जवळजवळ कुणीच काढत नाही, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. जास्वंदीच्या कुळातली रानफुले घ्या. रानभेंडीच्या जातीच्या फुलाला हिरव्या पाकळ्यांखाली आणखी एक बारीक हिरवे वलय असते, चिकणा आणि पेटारी यांना ते नसते. समोरून तिन्ही पिवळी फुलेच. पाठीमागून पाहिले की अर्धी यादी तिथल्या तिथे गळून पडते.

फुलाजवळ प्लॅस्टिकची लहान पट्टी धरून एक फोटो घ्या. मोबाइलमध्ये तीन मिलिमीटरचे फूल आणि तीन सेंटिमीटरचे फूल सारखेच दिसते, आणि सहा महिन्यांनी आपल्यालाही आठवत नाही. फोटोत न येणाऱ्या गोष्टी वहीत दोन ओळींत लिहा : चीक निघाला का, वास कसला, पान हाताला चिकट लागले की खरखरीत. पिवळी तिळवण बोटांना चिकटते, ते फोटो सांगणार नाही. उन्हाळी नावाचे झुडूप आहे, शरपुंखा म्हणतात तेच. त्याची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातले एक लहान पान, टोकाला धरून ओढली की ती आडवी न तुटता बाणाच्या पिसाऱ्यासारखी तिरपी तुटते. एवढ्या खुणेवर मी ते फुलाविनाही ओळखते. मुलांना हे करून दाखवा, ती कधी विसरणार नाहीत.

रंगही लिहून ठेवा. निळा आणि जांभळा यांत मोबाइल हमखास गडबड करतो. पिवळा आणि लाल तो इतका भडक करतो की पाकळीवरच्या शिरा पुसून जातात. मोबाइलच्या पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, शिरा परत दिसतात. दुपारच्या उन्हात छत्री किंवा ओढणी आडवी धरली तरी पुष्कळ फरक पडतो. पांढऱ्या फुलामागे स्वतःचा हात किंवा काळी वही धरली की मोबाइल मागच्या गवताऐवजी फुलावर नजर ठरवतो. इतके असले की कॅमेऱ्याची गरज मला अजून तरी फारशी पडलेली नाही. शंभरेक प्रकारची बारीक गवतफुले टिपायची असतील तर मोबाइलला लावायचे चिमट्याचे भिंग घ्या, ते काही शे रुपयांत मिळते. मोठा कॅमेरा कधी लागेल ते सांगते : कड्यावरचे फूल, उंच झाडाचे फूल, किंवा मोठी छपाई. काटेसावरीची फुले टिपायची असतील तर त्यासाठीही गरज नाही. सकाळी झाडाखाली ताजी गळालेली फुले पांढऱ्या रुमालावर ठेवा, एक उभे चिरून आतले पुंकेसर दाखवा, वर झाडाचा एक फोटो घ्या. काम झाले.

आता वेळेचा भाग, आणि मला वाटते तुमच्या चारशे फोटोंची खरी गोची इथे आहे. तुम्ही लिहिलेय की रविवारी अकराच्या सुमारास निघता. केना तोपर्यंत मिटायला लागलेला असतो. त्याचे निळे फूल सकाळचे, दुपारी ते वितळल्यासारखे होते. विष्णुक्रांतेचेही तसेच. उलट पेटारीचे पिवळे फूल दुपार कलल्यावर उमलते, सकाळी गेलात तर फक्त कळ्या. त्यामुळे कुठल्याही टेकडीची यादी एकाच वेळी फिरून पुरी होत नाही. शक्य असेल तर महिन्यातला एक रविवार साडेसहाला निघा. वारा पडलेला असतो, उजेड मऊ असतो, फुले हलत नाहीत. मात्र पायात पूर्ण बूट हवेत, आणि गुडघा टेकण्याआधी काठीने गवत हलवा. आपल्या खडकाळ माळांवर फुरसे हा विषारी साप असतो, आणि आपण फुलासमोर बसलो की आजूबाजूचे भान राहत नाही.

महिन्यांचे म्हणाल तर इंग्रजी महिन्यांपेक्षा नक्षत्रे मला अधिक उपयोगी पडली. मृग 7 जूनच्या सुमारास लागते. पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत जमिनीलगत काळ्या मुसळीचे पिवळे चांदणीसारखे फूल दिसते. ते इतके खाली असते की वाकल्याशिवाय सापडत नाही. त्याच्याही आधी, जमीन तापलेली असतानाच, कोळकांद्याचा फुलांचा दांडा एकटाच वर आलेला असतो. त्याला त्या वेळी पानच नसते. पाने येतात पावसात, तेव्हा फूल नसते. फुलाचा फोटो मे महिन्यातला आणि पानाचा जुलैतला, असे दोन फोटो एकाच जागेवरून घेतल्याशिवाय हे झाड पुरे होत नाही. तुमचे «महिन्याने गेलो तर झाड नाही» हे असे घडते. झाड गेलेले नसते, त्याने रूप बदललेले असते. जागेला खूण ठेवा. मी दगडावर खडूने आकडा लिहायची आणि पावसात तो धुऊन जायचा. आता मोबाइलमध्येच जागा नोंदवते आणि जवळच्या एखाद्या न हलणाऱ्या गोष्टीसह फोटो काढते : खडक, बाभळीचा बुंधा, कुंपणाचा खांब.

पुष्य-आश्लेषापासून हस्तापर्यंत, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आपला खरा भर असतो. पांढरी मुसळी, तेरडा, कळलावी, नभाळी, खुळखुळ्याच्या अनेक जाती, शेतात कुर्डू, ज्वारीत टारफुला. टारफुल्याचा फोटो काढताना शेजारची ज्वारी फोटोत ठेवा, कारण तो ज्वारीच्या मुळांवर जगतो आणि ही जोडीच त्याची ओळख आहे. त्याच्याबद्दल विचारायचे ते शेतकऱ्याला. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तेरडा आणि कळलावी यांची फुले एकदा तरी बघाच. कळलावीचे एकच फूल रोज पाहिले तर हिरवट पिवळ्यापासून लालपर्यंत जाते. दोन वेगळ्या दिवशी टिपलेले तेच फूल माझ्या एका विद्यार्थिनीने दोन जाती म्हणून नोंदवले होते. तिची चूक म्हणता येत नाही, तिने जे दिसले ते नोंदवले. त्यानंतर आम्ही एकाच फुलाचे सलग आठ दिवस फोटो घेतले, आणि वर्गात तो तक्ता अजून लावलेला आहे. कळलावीच्या पानाच्या टोकाला तणावा असतो, त्याने ती शेजारच्या झुडपाला धरून चढते. तो तणावा फोटोत आला तर फूल नसतानाही कळलावी ओळखता येते.

छोटा कल्पा हा आपल्या माळांचा खास. फिकट निळसर फूल मान खाली घालून असते, म्हणून त्याला अधःपुष्पीही म्हणतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत तोच आहे असे मला वाटते, पण फोटो वरून घेतल्यामुळे फक्त पाकळ्यांची पाठ दिसते. मोबाइल उलटा करून जमिनीला टेकवा आणि भिंग वरच्या दिशेला ठेवून घ्या.

नवरात्राच्या सुमारास तरवड पिवळा होतो, शेतात कारळा फुलतो. त्यानंतर लोक म्हणतात फुले संपली. ते बरोबर नाही. थंडीत पाणथळ जागा आटल्या की तिथे गोरखमुंडीची जांभळी गोंडेदार फुले येतात, माळावर उटकटारीचे काटेरी गोळे, पडक्या भिंतींपाशी दीपमाळ, ओढ्याच्या कडेला कोळशिंदा, बांधावर रिंगणी आणि पिवळा धोतरा. तुमच्याकडे वेळा अमावास्येला सगळे घर शेतात जाते. त्या दिवशी मुलांना बांधावरची फुले मोजायला लावा. एवढी माणसे एकाच दिवशी शेतात असण्याचा योग वर्षात दुसरा नाही, आणि आजी-आजोबांना झाडांची जी नावे माहीत असतात ती तेव्हाच कानावर पडतात. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर, पुढे बहावा. बहुतेकांची पाने तेव्हा गळालेली असतात, म्हणून पानाचा फोटो पावसाळ्यात त्याच झाडाखाली जाऊन घ्यायचा.

हे वेळापत्रक दरवर्षी असेच पाळले जाईल असे मात्र नाही. आपला भाग पर्जन्यछायेतला, पाऊस दगा देतो. 2015 साली तो जवळजवळ आलाच नाही, पुढच्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी माझ्या नेहमीच्या टेकडीवर मुसळीची पाने आली आणि फुले न येताच वाळली. त्या वर्षाची वही पातळ आहे, पण मी ती जपून ठेवली आहे. कारण काय उमलले नाही हीसुद्धा नोंद आहे. जागेचाही फरक पडतो. किनवट-माहूरकडे पाऊस जास्त, साग जास्त, तिथली यादी बीडच्या माळाला लागू पडणार नाही. माझे महिने गौताळ्याचे आहेत, तुमच्या बालाघाटाच्या डोंगरांवर आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होईल. तुमचे तक्ते तुमच्याच टेकडीवर तयार होतील.

इथवर जे सांगितले ते इतकेच : प्रत्येक झाडाचे सहा-सात फोटो, दोन ओळींची नोंद, आणि त्याच जागी वर्षातून किमान चार फेऱ्या, निरनिराळ्या वेळी.

नावांबद्दल. स्थानिक नाव जरूर लिहा, पण त्याच्यावरच थांबू नका. शंखपुष्पी म्हणून तुम्हाला कुणी विष्णुक्रांता दाखवेल, कुणी गोकर्ण, कुणी तिसरेच काही, आणि ते सगळे आपापल्या जागी खरे असतात. शास्त्रीय नाव त्यासाठीच लागते. ॲप वापरायला हरकत नाही. मी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकते, कारण तिथे इतर माणसे तपासतात आणि चूक दाखवतात. ॲपने सुचवलेले नाव उत्तर म्हणून न घेता प्रश्न म्हणून घ्यायचे : या जातीचे पान कसे असते? माझ्या फोटोत तसे आहे का? ही जात आपल्याकडे सापडते का? पुस्तक विचारलेत तर व्ही. एन. नाईक आणि सहकाऱ्यांचे «फ्लोरा ऑफ मराठवाडा» हे दोन खंडांचे काम 1998 साली आले. ते इंग्रजीत आहे, त्यातल्या खुणांच्या वाटेने जायला सराव लागतो, पण आपल्या आठही जिल्ह्यांसाठी माझा विश्वास त्याच्यावर आहे. कधी संभाजीनगरला आलात तर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातला वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह रीतसर परवानगी काढून बघा. कागदावर चिकटवलेले झाड पाहिले की आपल्या फोटोत काय राहून गेले ते लगेच कळते.

आणि सगळ्या फोटोंना जातीपर्यंतचे नाव मिळालेच पाहिजे हा आग्रह सोडा. खुळखुळ्याची एक जात मी दोन वर्षे फक्त «खुळखुळा, अमुक टेकडी» एवढ्याच नावाने ठेवली होती. दरवर्षी शेंग धरायच्या आत गवत कापणारे ती कापून नेत. तिसऱ्या वर्षी मी त्यांना आधी जाऊन भेटले, त्यांनी दोन झाडे राखली, शेंगेवरची लव पाहिली आणि मग नाव ठरले. त्या दोन वर्षांत अंदाजाने नाव लावले असते तर ते चुकीचे ठरले असते, आणि माझ्या वहीवरून आणखी दहा जणांनी ते उतरवून घेतले असते. मुलांना «हा खुळखुळा आहे, जात अजून शोधतोय» असे सांगायला काही हरकत नाही. उलट त्यांनाही शोधायला लावा.

एक विनंती आहे. कंदीलपुष्प सापडले तर त्याची नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. फुलाच्या नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस असतात, माशी आत शिरते आणि केस सुकेपर्यंत अडकून राहते, तेवढ्यात परागकणांचे काम होते. इतकी नाजूक रचना असलेल्या या वेलींचे कंद लोक उकरून नेतात. एका वर्षी मी उत्साहाने फोटोबरोबर जागा सांगितली होती. पुढच्या पावसाळ्यात तिथे फक्त खड्डे होते. त्याचे दुःख अजून जात नाही. तालुक्याचे नाव पुरे.

तुमचा चौथा फोटो, ज्याला तुम्ही तरोटा म्हणालात, तो मला तरोटा वाटत नाही. फुलाच्या कडेला पानाचा जो तुकडा आला आहे त्यावर सोनेरी लव दिसते आहे. गाजरगवताला दाबून टाकायला म्हणून मुद्दाम पसरवलेली सेना युनिफ्लोरा असावी, ती आता रस्तोरस्ती आहे. तरोट्याची शेंग लांब, बारीक आणि वळलेली असते, युनिफ्लोराची आखूड, लवदार, सांधे असल्यासारखी. सध्या दोघींनाही शेंगा धरल्या असतील. या रविवारी तिथे जाल तेव्हा शेंगेचा पट्टीसह एक, आणि पर्णिकांच्या जोड्या मोजता येतील असा पानाचा एक, असे दोन फोटो पाठवा. मग खात्रीने सांगते.